आमदारांच्या कार्य अहवालात मराठीचे पान कोठे आहे?

निवडणूक जवळ आली की विद्यमान आमदारांचा कार्य अहवाल घरोघर येऊन पडतो. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेली छबी आणि आत कामांची यादी असते. इतके किलोमीटर रस्ते, इतकी सभागृहे, इतके पूल, इतक्या पाणीटाक्या आणि शेवटी 'आपला आशीर्वाद पुन्हा एकदा मिळावा' ही विनंती. असा हिशेब देणे ही लोकशाहीतील चांगलीच रीत आहे. कामे दाखवून मत मागणारा उमेदवार जात दाखवून मत मागणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. पण सीमाभागातील मतदाराने हे अहवाल हाती घेऊन एक प्रश्न विचारायला हवा. आमची भाषा या यादीत कोणत्या पानावर आहे?

हा प्रश्न आम्ही हैदराबादच्या नारायणगुड्यातून विचारीत आहोत आणि त्याला कारण आहे. देगलूर ओलांडले की लागणाऱ्या मदनूर, बिचकुंदा, जुक्कल या भागातील माणसाला आणि उत्तरेकडील मुधोळ-भैसा भागातील माणसालाही आपले काम घेऊन शेवटी याच शहरात यावे लागते. २०१९ मध्ये खुली झालेली आमदारांची नवी निवासस्थाने नारायणगुड्याला लागूनच असलेल्या हैदरगुड्यात आहेत. विधानसभाही फार दूर नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून मेट्रोचे स्थानकही येथे झाले आहे. सीमेवरच्या मराठी गावाचे गाऱ्हाणे तेलुगू राजधानीच्या दारात पोहोचते ते साधारण याच परिसरात.

नारायणगुड्याचा मराठी वारसा

नारायणगुडा मराठी माणसाला परका नाही. येथील केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था १९४० मध्ये सुरू झाली, ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ. केशवराव मराठवाड्यातून आलेले. वकिलीत नाव कमावून ते पुढे हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निजामी राजवटीत मराठी मुलांना मायबोलीतून शिकण्याची सोय तुटपुंजी होती. वरच्या शिक्षणाची वाट उर्दूतून जात होती आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा काळात विवेकवर्धिनीसारख्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यामागे केशवराव व त्यांचे सहकारी होते. त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबादमधून लोकसभेवर निवडून गेले. याच हैदराबादेत १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते.

ही नावे अभिमानाने मिरवण्यासाठी आम्ही काढलेली नाहीत. सत्ता आपल्या भाषेची नसतानाही त्या पिढीने भाषेचे काम सार्वजनिक काम मानले, शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली. रस्ता आणि विहीर जशी गावाची गरज, तशीच शाळेची भाषाही गावाची गरज आहे, हे त्यांना कळले होते. आजच्या लोकप्रतिनिधींना ते कळले आहे काय, हा खरा मुद्दा आहे.

एका रेषेने काय केले

१९५२ मध्ये हैदराबाद राज्याची पहिली विधानसभा निवडून आली. तिच्यात १७५ जागा होत्या. मराठी, तेलुगू आणि कानडी मुलखातील सदस्य एकाच सभागृहात बसत. मुख्यमंत्री बुरगुल रामकृष्णराव होते आणि गृहखाते मराठवाड्याच्या दिगंबरराव बिंदूंकडे होते. त्या वेळी मुधोळ हा नांदेड जिल्ह्याचाच तालुका होता आणि बिचकुंदा व जुक्कल ही देगलूर तालुक्यातील सर्कले होती. मराठी मतदाराचा आमदार हैदराबादला जाई तेव्हा त्याच्यासोबत मराठी आमदारांची भली मोठी फळी असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि ही फळी मुंबईकडे वळली. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे आणि नांदेडचा बहुतांश भाग मुंबई राज्यात गेला. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके आले, आदिलाबादमधून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल आले. मात्र मुधोळ, भैसा आणि कुबीर ही मुधोळ तालुक्यातील सर्कले आणि बिचकुंदा व जुक्कल ही देगलूरची सर्कले आंध्र प्रदेशात राहिली. रेषा गावांच्या मधून गेली. सोयरीक, बाजारहाट आणि रोटीबेटी व्यवहार रेषेच्या दोन्ही बाजूंना तसेच राहिले. जुक्कलच्या लेकी देगलूर, मुखेड, बिलोलीकडे नांदायला जातात आणि तिकडच्या इकडे येतात. मात्र दोन्हीकडच्या मुलांच्या शाळेची पुस्तके आणि सात-बाराची भाषा आता वेगवेगळी आहे.

जुक्कलचा हिशेब

कामाच्या जोरावर फेरनिवडणूक मागणे म्हणजे काय, हे पाहायचे तर जुक्कलसारखे उदाहरण नाही. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला हा मतदारसंघ आता कामारेड्डी जिल्ह्यात आहे. हनुमंत शिंदे येथून २००९ मध्ये तेलुगू देसमतर्फे निवडून आले. नंतर ते तेलंगणा राष्ट्र समितीत गेले आणि २०१४ व २०१८ मध्ये पुन्हा विजयी झाले. २०१८ मध्ये त्यांचे मताधिक्य तीस हजारांहून अधिक होते. २०२३ मध्ये ते चौथ्यांदा मत मागायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे सरकारची मोठी कामे होती. 'रयतु बंधू' योजनेत २०१८ पासून शेतकऱ्याला एकरी हंगामाला ४,००० रुपये मिळत, पुढे ते ५,००० झाले. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला पाच लाखांचा विमा होता. वृद्धांचे निवृत्तिवेतन २,०१६ रुपये होते आणि मुलीच्या लग्नासाठी एक लाख ११६ रुपयांची मदत होती.

ही यादी साधी नाही. तिच्या आकर्षणाने धर्माबाद परिसरातील काही गावांच्या सरपंचांनी आमची गावे तेलंगणात घ्या, अशी मागणी केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेतली, तीही याच कामांचे भांडवल घेऊन. सीमेपलीकडचा शेतकरी हेवा करीत होता आणि अलीकडचा मतदार मात्र मनात वेगळा हिशेब मांडीत होता. ३० नोव्हेंबर २०२३ ला मतदान झाले आणि ३ डिसेंबरला निकाल लागला. जुक्कलमध्ये काँग्रेसचे तोटा लक्ष्मीकांत राव विजयी झाले आणि शिंदे बाराशेपेक्षा कमी मतांनी पडले. शेजारच्या मुधोळमध्ये दोन वेळा निवडून आलेले जी. विठ्ठल रेड्डी पराभूत झाले व भाजपचे रामाराव पटेल पवार निवडून आले. राज्यात ११९ पैकी काँग्रेसला ६४ आणि भारत राष्ट्र समितीला ३९ जागा मिळाल्या.

यात भाषेचा वाटा किती, असे कोणी विचारील. सत्तांतराची लाट होती, गावोगावची कारणे होती. भाषेवर हा निकाल लागला असा दावा आम्ही करणार नाही. पण बारा-पंधरा वर्षांच्या कामाचा डोंगर बाराशे मतांच्या आत कोसळतो, तेव्हा प्रत्येक दुर्लक्षित गल्लीचे, प्रत्येक न ऐकलेल्या गाऱ्हाण्याचे मोल वाढते. मराठी शाळेत शिक्षक नाही, हे असेच एक गाऱ्हाणे असू शकते.

कायदा काय सांगतो

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले एखाद्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासून देशाच्या शिक्षणधोरणात आहे. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे तीस टक्के वा अधिक असतील, तर तो भाग द्विभाषिक मानावा, असे केंद्राने १९५६ च्या निवेदनात म्हटले. सभागृहापुरते पाहिले तर अनुच्छेद २१० नुसार, राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांतून नीट बोलता येत नसेल अशा सदस्याला अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलता येते. हक्क कागदावर आहेत. ते मागण्यासाठी उभा राहणारा लोकप्रतिनिधी हवा.

तेलंगणाने २०१८ मध्ये कायदा करून सर्व शाळांत तेलुगू सक्तीची केली. यावर आम्ही रडगाणे गाणार नाही, कारण महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीबाबत तसाच कायदा केला आहे. राज्याची भाषा राज्यात राहणाऱ्याने शिकावीच. जुक्कलच्या मुलाला तेलुगू आली नाही तर नोकरी, कचेरी आणि बाजार सगळीकडे त्याचीच अडचण होणार. मागणी एवढीच, की तेलुगू शिकताना त्याची मराठी हिरावली जाऊ नये. आणि ही मागणी आपल्या तोंडी शोभायची असेल तर किनवट, धर्माबाद, बिलोली भागातील तेलुगू घरांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने काय केले, याचाही जाब आपल्या आमदारांना विचारावा लागेल. आपण जे तिकडे मागतो ते इकडे द्यायला हवे. नाही तर आपल्या मागणीला नैतिक बळ राहत नाही.

पुढच्या वेळी काय विचारावे

तेलंगणात पुढची विधानसभा निवडणूक २०२८ च्या अखेरीस अपेक्षित आहे. पुन्हा अहवाल छापले जातील. काँग्रेस सरकारच्या 'रयतु भरोसा'त २०२५ पासून एकरी हंगामाला ६,००० रुपये ठरले आहेत, त्याचा उल्लेख त्यात असेलच. सीमाभागातील मराठी मतदाराने त्या अहवालावर चार प्रश्न लिहून ठेवावेत. मतदारसंघातील मराठी माध्यमाच्या शाळांत किती पदे भरली आणि किती रिकामी आहेत? मराठीची पाठ्यपुस्तके जूनमध्ये मिळतात की दिवाळीनंतर? ग्रामपंचायतीची आणि महसुलाची सूचना मराठी वाचणाऱ्यालाही कळेल अशी लावली जाते का? आणि विधानसभेत आपण या विषयावर किती वेळा बोललात?

या चार प्रश्नांसाठी पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, सभागृहाचा रंग उडतो. पण तिसरीतले मूल मायबोलीत वाचायला शिकले तर ते काम आयुष्यभर टिकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद मुंबई-पुण्यात झाला. बिचकुंद्याच्या शाळेत मराठीचा शिक्षक नसेल तर त्या दर्जाचा तेथील मुलाला उपयोग काय?

केशवराव कोरटकरांच्या पिढीने परक्या भाषेच्या राज्यात शाळा उभ्या केल्या. आजचे राज्य परके नाही, ते आपल्याच मतांनी निवडले जाते आणि आमदार दर पाच वर्षांनी आपल्याच दारात येतो. तो येईल तेव्हा चहा अवश्य पाजावा, रस्त्यासाठी धन्यवादही द्यावेत. मग अहवाल उलटून दाखवावा आणि मराठीचे पान कोठे आहे, हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत मताचा शब्द देऊ नये.