नागपूर रस्त्यावरचा तिलवारा

जबलपूरला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना भेडाघाटची घाई असते. धुवाँधार बघायचा, संगमरवरी कड्यांमधून होडीत फिरायचं, दगडाची एखादी मूर्ती घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत. भेडाघाट सुंदर आहेच. पण आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना मी आधी तिलवाऱ्याला नेते. शहरापासून दहाएक किलोमीटरवर, नागपूरकडे जाणारा रस्ता जिथे नर्मदा ओलांडतो, तिथे काठावर गांधी स्मारक आहे. स्मारकाभोवती थोडी मोकळी जागा, सावलीची झाडं, खाली घाटाच्या पायऱ्या आणि समोर संथ, रुंद नर्मदा. तिकीट नाही, गाइड नाही. सकाळी आजूबाजूचे म्हातारे फिरायला येतात, दुपारी कॉलेजची मुलं पुस्तकं घेऊन बसतात, पावसाळा संपला की काठाकाठाने चालणारे परिक्रमावासी थोडा वेळ टेकतात आणि ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे निघतात.

पाहुणे विचारतात, इथे बघायचं काय? मी सांगते, हा रस्ता बघा. तिलवाऱ्याला जे जे घडलं ते नदी इथे ओलांडता येत होती म्हणून घडलं. इथून खाली लम्हेटा आणि मग भेडाघाट. तिथे नदी दगडात शिरते, कडे उभे होतात, पाणी खोल आणि अरुंद होतं. बैलगाड्यांचा तांडा तिथून नेणं अशक्य. तिलवाऱ्याला मात्र काठ मोकळा आहे. त्यामुळे उत्तरेकडून मिर्झापूर-जबलपूर करत येणारा आणि सिवनीवरून नागपूरला जाणारा माणूस इथेच नदीपाशी यायचा. पुढे याच रस्त्याला वाराणसी ते कन्याकुमारी असा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणू लागले. नंबर आता बदलला, पण जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून सातच असतो.

जवळच तेवर नावाचं गाव आहे. तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. भेडाघाटच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर त्यांच्याच काळातलं, दहाव्या शतकातलं. मराठी माणसाने या कलचुरींकडे जरा आपुलकीने बघावं, याला कारण आहे. इथल्या युवराजदेवाच्या दरबारात राजशेखर हा संस्कृतचा मोठा नाटककार होता आणि त्याने आपल्या पणजोबांचा, अकालजलदांचा, उल्लेख ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा केला आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचं एक घराणं लेखणी घेऊन नर्मदाकाठी पोचलं होतं. त्या राजांचे विखुरलेले शिलालेख आणि ताम्रपट गोळा करून, वाचून, अर्थ लावून जगापुढे ठेवले तेही एका मराठी माणसाने. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. कलचुरींवर आज कुणालाही लिहायचं झालं तर आधी मिराशींपाशी जावं लागतं. तेवरला 1952 मध्ये सागर विद्यापीठातर्फे उत्खनन झालं, ते मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी केलं. तेवरमध्ये अजूनही जुन्या मूर्ती झाडाखाली, ओट्यावर शेंदूर लावून ठेवलेल्या दिसतात. गावाला त्यांच्या शतकाची फिकीर नसते. सकाळी पाणी घालायचं, फूल ठेवायचं, बस.

त्याहूनही जुनं काही बघायचं असेल तर लम्हेटा घाट. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर 1828 मध्ये कॅप्टन स्लीमनला प्रचंड आकाराची दगडी हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन तो हाच. भारतात सापडलेली डायनासोरची ती पहिली हाडं. ज्या खडकांच्या थरांत ती मिळाली त्यांना भूगर्भशास्त्रात लम्हेटाचंच नाव आहे, आणि तेच थर पार चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यापर्यंत भेटतात. म्हणजे जबलपूर-विदर्भ हा संबंध माणूस यायच्याही आधीचा आहे.

मराठ्यांचा काळ इथे फार मोठा नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, 1798 मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर ताब्यात घेतलं. पण मराठी माणसांचा राबता राहिला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली, तेव्हा कचेरीचं, कोर्टाचं, शिक्षणाचं सगळं काम नागपूरशी. 1904 मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. आमच्याकडे त्याला जीसीएफ म्हणतात. तिथे नोकरीला लागलेली मराठी घरं इथलीच झाली. माझे सासरेही त्याच कारखान्यात होते. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले, तेव्हा गोंदियाहून सातपुड्याच्या जंगलातून येणारी छोटी गाडी होती. नॅरो गेजवरची ती सातपुडा एक्सप्रेस ग्वारीघाटच्या पुलावर आली की डब्यातल्या सगळ्या बायका पदर सावरून उठायच्या, खिडकीतून नाणं टाकायच्या आणि हात जोडायच्या. 2015 मध्ये ती लाइन बंद झाली आणि तिथे मोठी लाइन आली. गाडी आता लवकर पोचते. हात मात्र पुलावर अजूनही जोडले जातात.

तिलवाऱ्याची खरी ओळख मला करून दिली ती मामंजींनी. मार्च 1939 मध्ये त्रिपुरीला काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन भरलं, तेव्हा ते शाळकरी होते. आजूबाजूच्या शेतांत, माळावर तंबू-राहुट्यांचं एक गावच उभं राहिलं. त्याला नाव दिलं विष्णुदत्तनगर. स्वागताध्यक्ष होते सेठ गोविंददास. इजिप्तच्या वफ्द पक्षाचं शिष्टमंडळही पाहुणं म्हणून आलं होतं. मामंजींच्या आठवणीत मात्र नेते कमी आणि हत्ती जास्त होते. बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती! रथ होता, पण रथात अध्यक्ष नव्हते, त्यांची तसबीर होती.

अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. 29 जानेवारीला त्यांनी पट्टाभी सीतारामय्यांना 1580 विरुद्ध 1375 मतांनी हरवलं होतं, आणि पट्टाभींची हार ही माझी हार असं गांधीजींनी जाहीर केलं होतं. त्रिपुरीला आले तेव्हा सुभाषबाबू तापाने फणफणले होते. त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं, भाषण त्यांचे थोरले भाऊ शरदबाबू यांनी वाचलं. इंग्रज सरकारला सहा महिन्यांची मुदत द्यावी, नाहीतर देशभर सत्याग्रह करावा, असं त्या भाषणात होतं. गांधीजी राजकोटला होते, नुकतंच उपोषण सुटलेलं. ते आले नाहीत. गोविंदवल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला आणि गांधीजींच्या इच्छेप्रमाणे कार्यकारिणी नेमण्याचं बंधन अध्यक्षांवर आलं. महिन्या-दीड महिन्यात, 29 एप्रिलला, सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक उभा राहिला. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे.

मामंजी सांगायचे, मोठ्या माणसांमध्ये काहीतरी बिनसलंय एवढं आम्हा पोरांनाही कळत होतं, कारण घरातले काका आणि बाबा एका पंगतीत जेवेनासे झाले होते. एक गांधींचा, एक सुभाषबाबूंचा. मला हे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त पटतं. जबलपूरला सुभाषबाबू नवे नव्हते. 1932 मध्ये ते इथल्या तुरुंगात होते. त्या तुरुंगाला आणि इथल्या मेडिकल कॉलेजला आज त्यांचंच नाव आहे. शहरात बडा फुवाऱ्याजवळ जो कमानिया गेट आहे तो त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेला. त्याखालून रोज हजारो माणसं कापडं, भांडी, दागिने घ्यायला जातात. त्यांतल्या तरुण मुलांना मी हटकून विचारते, हा दरवाजा कशाचा? बहुतेकजण त्यावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात.

त्रिपुरीनंतर नऊ वर्षांनी तिलवाऱ्याला पुन्हा तशीच गर्दी झाली. 12 फेब्रुवारी 1948. गांधीजींच्या अस्थी त्या दिवशी प्रयागच्या संगमात आणि देशभरच्या नद्यांत सोडल्या गेल्या, त्यांतला एक कलश इथे नर्मदेत विसर्जित झाला. ज्या काठावर 1939 मध्ये गांधीजी आले नाहीत, त्याच काठावर ते असे आले. स्मारक त्याचंच आहे. मी इथे बसते तेव्हा माझ्या मनात ही दोन वर्षं वेगळी होत नाहीत. गांधींच्या स्मारकात उभं राहून सुभाषबाबूंचा विचार करता येतो, आणि करावाच. आज कुणीही उठून या दोघांपैकी एकाला उचलतो आणि दुसऱ्याला पाडतो. तसं करणाऱ्याने या काठावर येऊन थोडा वेळ बसावं असं मला मनापासून वाटतं. फॉरवर्ड ब्लॉक काढून वेगळे झालेल्या सुभाषबाबूंनीच पुढे 1944 मध्ये रंगूनच्या आकाशवाणीवरून गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून साद घातली होती.

अस्थिविसर्जनाच्या दिवसाची एक गोष्ट जबलपूरच्या जुन्या बायका सांगतात. ‘झाँसी की रानी’ लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान इथल्याच. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरला त्यांना अटक झाली होती. त्या दिवशी त्या मोटारीने आल्या नाहीत. वस्तीतल्या गरीब बायकांना बरोबर घेऊन मैलोन्‌मैल चालत तिलवाऱ्याला आल्या, आणि त्या बायकांना आत सोडत नाहीत म्हटल्यावर स्वतःही आत जायला तयार होईनात. शेवटी सगळ्यांना वाट मिळाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, 15 फेब्रुवारीला, नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्या गेल्या. रस्ता हाच, तिलवाऱ्यावरून येणारा. त्यांचा पुतळा महापालिकेसमोर आहे. 1949 मध्ये त्यांची बालमैत्रीण महादेवी वर्मा यांनी त्याचं अनावरण केलं. आपल्या झाशीच्या राणीला हिंदी मुलखातल्या घराघरांत पोचवणाऱ्या या बाईंसाठी मराठी पाहुण्यांनी तिथे क्षणभर थांबावं, असा माझा आग्रह असतो.

पण तिलवाऱ्याला बहुतेक माणसं इतिहासासाठी येत नाहीत, जेवायला येतात. हिवाळ्यातल्या रविवारी इथे गक्कड-भरत्याचा बेत असतो. गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर ओसरून लाल निखारा झाला की त्यात कणकेचे ओवा घातलेले गोळे सोडायचे. बाजूला वांगी, टोमॅटो, न सोललेले लसणाचे कांदे. गोळ्याला तडा गेला की तो आतून शिजला. बाहेर काढून जुन्या धोतराच्या फडक्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचं, राख झडते. मग मुठीने फोडून तुपाच्या वाटीत बुडवायचं. भरत्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. विदर्भातल्या रोडग्यांवर वाढलेल्या मला पहिल्याच दिवशी हे जेवण माहेरचं वाटलं होतं. फक्त मोहरीच्या तेलाची सवय व्हायला वेळ लागला.

संक्रांतीला इथे जत्रा भरते. तिलभांडेश्वर महादेवाला तीळ वाहायचे, नर्मदेत स्नान करायचं, तिळाचे लाडू वाटायचे. खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. ऊस, शिंगाडे, बांगड्या, लाकडी खेळणी यांची दुकानं लागतात. आमच्या मराठी बायका सकाळी इथे स्नान करून संध्याकाळी घरी हळदीकुंकू करतात. दोन्हीकडे तीळच.

वर बरगीचं धरण झाल्यापासून नदीचा स्वभाव बदलला. 1990 मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणात 162 गावांची जमीन गेली. त्यांतली कित्येक माणसं जबलपूरला येऊन रिक्षा ओढू लागली. तिलवाऱ्याच्या सावलीत बसून नर्मदेला आई म्हणताना मला ती गावं आठवतात. आता पावसाळ्यात एकवीस दरवाज्यांपैकी किती उघडले यावर घाटाच्या पायऱ्या दिसणार की बुडणार हे ठरतं, आणि पाणी सोडायच्या आधी काठच्या लोकांना सावध करावं लागतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पायऱ्यांवर प्लास्टिकची पिशवी, फाटकी चुनरी, देवाच्या तसबिरीच्या काचा असं सगळं उघडं पडतं. आमच्या मुलखातले अमृतलाल वेगड 1977 पासून टप्प्याटप्प्याने नर्मदेची परिक्रमा चालले, चित्रं काढली, पुस्तकं लिहिली. त्यांची पुस्तकं मराठीतही आली आहेत. 2018 मध्ये ते गेले. नदी स्वच्छ ठेवा, तिच्या काठची झाडं राखा, हेच ते शेवटपर्यंत सांगत होते. पूजेचं सामान पानाच्या द्रोणात आणा, पिशवी घरी परत न्या, निर्माल्य पाण्यात टाकू नका, एवढं तरी आपल्याला नक्की जमेल.

यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जबलपूर स्टेशनवरून रिक्षा मिळते. सकाळी सातच्या आसपास तिलवाऱ्याला या, ऊन चढायच्या आत लम्हेटा बघा, तेवरला थांबा आणि दुपारी भेडाघाट करा. संक्रांतीच्या दिवशी मात्र गाडी लांबच ठेवून चालत या. पुलाच्या बाजूला वाट फार दाटते. आणि घाटावर मुलं बरोबर असतील तर पावसाळा संपल्यावरही खालच्या पायऱ्यांवर त्यांचा हात सोडू नका. शेवाळ दिसत नाही, पण असतं.