जाते, सायकल आणि भाकरी

अजिंठ्याच्या डोंगराखालच्या रोहिणखेडसारख्या गावात एके काळी व्यायामाला वेगळा वेळ काढावा लागत नसे. पहाटे जाते, मग आडाचे पाणी, मग शेताची वाट. तेवढ्यात दंड-बैठकांचा हिशेब पुरा होई. गिरणीने जाते थांबविले, नळाने रहाट थांबविला, आणि रिकाम्या कोपऱ्यात आता जागची न हलणारी सायकल येऊन बसते. पंधरवडाभर तिच्यावर घरमालक बसतात, त्यानंतर ओले टॉवेल. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, त्यांना सतरंजीपलीकडे काही लागत नाही. परंतु फुकटच्या गोष्टीवर आपली श्रद्धा बसत नाही.

आहाराचीही तीच कथा. पाहुण्यापुढे पोळीऐवजी भाकरी वाढताना गृहिणी ओशाळत असे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीला एकाएकी प्रतिष्ठा आली. आता तीच ज्वारी बिस्किटे होऊन चकचकीत पाकिटातून गावी परतते. (सोबत साखर किती, हे पाकिटामागे बारीक अक्षरांत असते, चष्मा हवा.) त्यापेक्षा ताजी भाकरी, कच्चा कांदा आणि ठेचा बरा. ठेच्यावर तेल बेताने घ्यावे, असे वऱ्हाडी माणसाला सांगणे मात्र धाडसाचे आहे.