देणगी आणि देणे : साकोली परिसरातील बिडी-व्यवसायाच्या अनुषंगाने

साकोली हे भंडारा जिल्ह्याच्या पूर्वभागातील तालुक्याचे गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर वसलेले आहे. येथील महाविद्यालयास मनोहरभाई पटेल यांचे नाव आहे. गोंदियाचे बिडी-व्यावसायिक मनोहरभाई यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी असलेल्या या प्रदेशात तिने शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभे केले. त्या महाविद्यालयांतून शिकून गेलेल्या पिढ्यांना या कार्याचे मोल सांगावयास नको. परंतु याच उदाहरणामुळे व्यवसाय-नीतीतील एक जुना प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा राहतो. धंद्याचे समाजाविषयीचे उत्तरदायित्व त्याने दिलेल्या देणगीवरून मोजावे, की तो ज्यांच्या श्रमावर चालतो त्यांचे देणे त्याने कितपत चुकते केले यावरून? पुढील विवेचन कोणा एका पेढीविषयी नाही. ते या धंद्याच्या घडणीविषयी आहे, आणि ही घडण अशी की देणे कोणाचे, हेच दीर्घकाळ निश्चित होऊ शकले नाही.

बिडीचा धंदा या भागात रुजला त्याची कारणे उघड आहेत. तेंदूची झाडे रानोमाळ. धानाची कापणी आटोपल्यावर रिकामे होणारे हात. आणि गोंदियासारखे रेल्वेचे जंक्शन. तंबाखू गुजरातेतून व निपाणीकडून येई, भांडवलही पुष्कळसे गुजराती व्यापाऱ्यांचे होते. यंत्राची गरज नाही. कातरी, पान कापण्याचा पत्र्याचा साचा, सूप आणि दोरा एवढ्या साहित्यावर बिडी तयार होते. एखाद्या गिरणीला मजूर एका छपराखाली गोळा करावेच लागतात. बिडीला तशी आवश्यकता नाही. ओटी, पडवी, अंगण, कोठेही ती बांधता येते. या साध्या तांत्रिक वस्तुस्थितीत पुढचा सारा नैतिक गुंता दडलेला आहे.

उन्हाळ्यात, साधारणतः एप्रिलच्या अखेरीपासून, तेंदूपान तोडणीचा हंगाम सुरू होतो. पहाटेच रानात जाऊन आणलेली पाने दुपारी घरातील लहानथोर माणसे मिळून जुळवितात. महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके धरतात आणि अशा १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. पुडकी फडीवर मोजून घेतली जातात व तेथेच उन्हात वाळविली जातात. पुढे ही पाने व तंबाखू सट्टेदाराच्या म्हणजे ठेकेदाराच्या हाती येतात. तो ती घरोघर वाटतो आणि बांधलेल्या बिड्या गोळा करून पेढीला पोचवितो. पेढी त्यांवर आपली छाप लावून त्या बाजारात पाठविते. ग्राहक ओळखतो ती छाप. बिडी बांधणारी बाई ओळखते तो सट्टेदार. या दोन टोकांची परस्परांशी गाठ पडण्याचे कारणच उरत नाही.

मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. दिलेल्या पानांतून ठरलेली संख्या भरली नाही, तर उणी पाने बांधणारीने पदरची घालावीत, अशी तक्रार या धंद्यात सर्वत्र ऐकू येत असे. त्याहून मोठी तक्रार छाटीची. सट्टेदार बिड्या तपासतो आणि सदोष वाटतील त्या बाजूला काढतो. छाटीतल्या बिडीची मजुरी मिळत नाही, पण ती बिडी बांधणारीला परतही मिळेल याची शाश्वती नाही. १९४४ ते १९४६ या काळात काम केलेल्या रेगे समितीने देशभरच्या उद्योगांबरोबर बिडी-उद्योगातील मजुरांच्या स्थितीचीही स्वतंत्र पाहणी केली होती. म्हणजे ही गाऱ्हाणी स्वातंत्र्याच्या आधीच सरकारदरबारी पोचलेली होती.

मग कायदा काय करीत होता? १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत बिडीचे काम होते. त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीच्या हंगामात ठराविक गावांत बिडी बांधण्यास बंदी करता येईल असा कायदा केला. हेतू असा की शेतीला मजूर मिळावेत. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. सागर जिल्ह्यातून आलेल्या चिंतामण राव यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ही बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. निर्बंधाच्या वाजवीपणासंबंधी हा निकाल आजही उद्धृत होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या कायद्यात मजूर हा केवळ शेतीला हवा असलेला हात होता. त्याच्या मजुरीचा वा छाटीचा विचार त्यात नव्हता.

खरा प्रश्न पुढे आला तो १९४८ च्याच कारखाना कायद्याखाली. कामगार कोणाला म्हणावे? १९५८ मध्ये, पुन्हा सागरच्याच एका बिडी-कारखान्याच्या प्रकरणात, न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार असून ते व त्यांची माणसे कारखान्याचे कामगार ठरत नाहीत असा निर्णय दिला. उलट, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागपूरच्या बिरदीचंद शर्मा यांच्या प्रकरणात कारखान्यात बसून बिड्या बांधणारे मजूर कामगार ठरले. त्यांना येण्याजाण्याच्या ठरीव वेळा नव्हत्या, मजुरी नगावर होती. तरीही ठराविक नमुन्यात न बसणारी बिडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार हे नियंत्रणाचे लक्षण मानले गेले. प्रस्तुत लेखकास हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला माल नाकारता येतो तो त्या श्रमाशी माझा संबंध नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार? छाट काढणारा हात सट्टेदाराचा असला तरी छाटीचे माप पेढीचे असते.

तथापि दोन निकाल शेजारी ठेवले की त्यांतून मिळणारा व्यावहारिक धडा कोणत्याही हिशेबी माणसाला कळण्याजोगा होता. मजूर छपराखाली असेल तर रजा, तास, मोबदला यांची जबाबदारी येते. मधे सट्टेदार असेल तर ती टळते. काम घरोघर पसरविण्यास इतरही कारणे होती, हे खरे. स्त्रियांना घरकाम सांभाळून चार पैसे मिळत, त्यामुळे त्यांनाही ते सोयीचे वाटे. पण एकाची सोय ही दुसऱ्याची पळवाट होऊ शकते, आणि येथे ती झाली.

१९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा ही पळवाट बुजविण्यासाठी आला. ज्याच्यासाठी वा ज्याच्या वतीने ठेक्यावर मजूर लावले जातात तो मुख्य मालक, अशी व्याख्या त्याने केली आणि कच्चा माल घेऊन घरी बिड्या बांधणाऱ्यांनाही कामगारांत गणले. अनेक कारखानदारांनी त्यास आव्हान दिले. मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा मुख्यतः वैध ठरविला. छाटीवर राज्यांच्या नियमांनी मर्यादा घातली. १९७६ मध्ये उपकरातून कल्याणनिधी उभा राहिला, १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची योजना या उद्योगास लागू झाली, आणि घरी बसून काम करणाऱ्यांनाही ती लागू आहे हे १९८५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले. बिडीवरील तो उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या वेळी रद्द झाला. १९६६ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी घेतली आहे.

या पार्श्वभूमीवर देणगीकडे पुन्हा वळू. देणगी देणारा ती कोणाला, केव्हा व किती द्यावी हे स्वतः ठरवितो, आणि घेणारा त्याचा ऋणी होतो. देण्याचे तसे नसते. तेथे रक्कम व मुदत ठरलेली असते आणि घेणारा मागणी करू शकतो. १९१० नंतरच्या काळात व्यापारी पेढ्यांनी वसतिगृहे, धर्मशाळा, शाळा बांधल्या त्या पहिल्या प्रकारात मोडतात. महात्मा गांधींच्या विश्वस्त-कल्पनेत धनिकाने आपले धन समाजाची ठेव म्हणून सांभाळावे ही अपेक्षा आहे. ती कल्पना उदात्त आहे. पण विश्वस्ताकडे हिशेब कोणी व कोणत्या अधिकाराने मागावा, हे तिच्यात विश्वस्ताच्या विवेकावरच पुष्कळसे अवलंबून राहते.

आपल्याच भागात याला एक वेगळा दाखला आहे. साकोलीभोवतीचे तलाव पाहावेत. कोहळी समाजाने खपून बांधलेले हे तलाव मालगुजारीच्या काळात मालगुजाराच्या मालकीचे मानले जात. परंतु पाणी कोणाच्या शेताला, कोणत्या क्रमाने मिळावे, हा रिवाज गावाच्या वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदलेला असे. मालक मालगुजारच, तरी रयतेचे पाणी ही त्याची मेहेरबानी नव्हती. मालगुजारीत जुलूम नव्हता असा याचा अर्थ नव्हे. मालकीच्या पोटातच दुसऱ्याचा लेखी हक्क असू शकतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले, पण निस्तार-हक्कांचे वाद त्या जुन्या कागदांच्या आधारे पुढेही चालत राहिले.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. देणगीला देण्याचे रूप देण्याचा हा प्रयत्न होय. मात्र केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे. मजुरी ही समाजसेवा म्हणून मिरविता येऊ नये. पण यामुळे वार्षिक अहवालात शाळेच्या इमारतीचे छायाचित्र दिसते आणि ठेकेदाराकडील मजुरांचे खाते वाचकास दिसत नाही. शिवाय भागीदारीत चालणाऱ्या पेढ्यांना हे कलम लागूच नाही. ग्राहकाच्या आरोग्याचे देणे तर याहून अवघड. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचे नुकसान कोणत्याही दोन टक्क्यांत बसविता येण्याजोगे नाही.

पानाच्या बाजूला मात्र काही हालचाल झाली आहे. १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने पानांचा व्यापार राज्याने हाती घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य केल्यानंतर २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी आपली पाने स्वतः विकण्यास आरंभ केला. तेथे खरेदीदाराशी करार ग्रामसभा करते आणि पुडक्याचा भाव तोडणाऱ्यांच्या समक्ष ठरतो. बिडी बांधणाऱ्या स्त्रियांसाठी असा सामुदायिक करार का होऊ शकला नाही, हा अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी साकोली व लाखनी तालुक्यांतील गावांचे वाजिब-उल-अर्ज, फडीच्या नोंदवह्या आणि घरोघर जपून ठेवलेली भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे एकत्र वाचावी लागतील. यांपैकी शेवटची लवकर गोळा करणे इष्ट. घरे नव्याने बांधली जात आहेत आणि जुन्या पेट्या रिकाम्या होत आहेत.