दुरुस्ती बरोबर, तरी मागे घेतली! लिनक्सच्या फाइल सिस्टीममधले बदल तपासतात तरी कसे?

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. कॉम्प्युटरला मात्र तो सांगावा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये एक बदल झाला, तो नेमका या जातीच्या फरकाशी संबंधित होता. बदल तत्त्वाने बरोबर होता. केलाही होता त्या विषयातल्या जाणकाराने. तरी डिसेंबरमध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी तो मागे घेतला, कारण काही जणांच्या डिस्कवरच्या फाइली यादीत दिसायच्या, पण उघडायला गेलं की "अशी फाइल नाही" असं उत्तर यायचं.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. आधी थोडी ओळख करून घेऊ.

लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. टोरवाल्ड्स हेलसिंकीत विद्यार्थी असताना 1991 मध्ये त्यांनी तो सुरू केला. अँड्रॉइड फोन त्याच्यावर चालतात, जगातले बहुतेक वेब सर्व्हर त्याच्यावर चालतात. तुम्ही हा लेख मोबाइलवर वाचत असाल तर तुमच्या हातातही तोच असण्याची शक्यता दाट आहे. या कर्नलमधला जो भाग फाइली डिस्कवर ठेवतो, शोधतो, परत देतो, ती फाइल सिस्टीम. एकच नाही, अनेक आहेत: एक्स्ट4, एक्सएफएस, बीटीआरएफएस, आणि फोनमध्ये बऱ्याचदा एफ2एफएस. या सगळ्यांच्या वर एक सामाईक थर असतो, त्याला व्हीएफएस म्हणतात. चेक कुठल्याही बँकेचा असो, क्लिअरिंगला तो ठरलेल्या चौकटीतच जातो, तसंच हे. तुमचं ॲप फक्त "ही फाइल उघड" म्हणतं. खाली कोणती फाइल सिस्टीम आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

या थरात कुणालाही बदल सुचवता येतो. बदल म्हणजे पॅच: साध्या मजकुराची एक चिठ्ठी, ज्यात काढायच्या ओळींपुढे वजाचं चिन्ह आणि घालायच्या ओळींपुढे अधिकचं. वर कारण लिहायचं, खाली सही करायची. सहीसुद्धा ठरलेल्या शब्दांत. लिहिणाऱ्याची 'साइन्ड-ऑफ-बाय', तपासणाऱ्याची 'रिव्ह्यूड-बाय', चालवून बघणाऱ्याची 'टेस्टेड-बाय'. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे ओळखीचं वाटावं. व्हाउचरवर तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा वेगळा असतो, तसंच. सही केली म्हणजे नाव कायमचं त्या बदलाला चिकटलं. वीस वर्षांनी कुणी विचारलं तरी ते तिथं असतं.

रिव्ह्यू करणारा काय बघतो? नवखा माणूस बदललेल्या ओळी वाचतो. मुरलेला माणूस न बदललेल्या ओळी वाचतो. हे फंक्शन आणखी कोण कोण वापरतं? मध्येच चूक झाली तर पकडून ठेवलेलं कुलूप सुटतं का? दोन कुलपं उलट्या क्रमाने घेतली जाऊन दोघेही एकमेकांची वाट बघत बसणार नाहीत ना?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेमकी याच ओळीवर लाइट गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न कुणाला समजावून सांगायला नको. त्यासाठी फाइल सिस्टीममध्ये जर्नल असतं. काय करणार ते आधी जर्नलमध्ये लिहायचं, मग प्रत्यक्ष जागेवर. आधी रोजकीर्द, मग खतावणी. लाइट आल्यावर जर्नल वाचून अर्धवट राहिलेलं काम पुरं करता येतं, पण तेव्हाच, जेव्हा लिहिण्याचा क्रम पाळलेला असेल. एखादी ओळ वर-खाली झाली तरी हा क्रम बिघडू शकतो आणि रोजच्या वापरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कर्नलच्या दुसऱ्या भागात चूक झाली तर स्क्रीन गोठते, आवाज बंद पडतो, मशीन बंद करून चालू केलं की बहुतेक वेळा भागतं. फाइल सिस्टीममधली चूक डिस्कवर लिहिली जाते. मशीन चालू केलं तरी ती तिथेच. बॅकअप घेतला तर बॅकअपमध्येही तीच. म्हणून हे लोक पाच ओळींच्या पॅचवरही आठवडाभर घासाघीस करतात. बाहेरच्या माणसाला तो चेंगटपणा वाटतो. मला तरी वाटत नाही.

आता त्या ऑक्टोबरच्या बदलाकडे येऊ.

काही फाइल सिस्टीममध्ये इंग्रजीतलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच मानण्याची सोय असते. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवायला आणि अँड्रॉइडच्या स्टोरेजला ती लागते. एक्स्ट4 मध्ये ही सोय 2019 मध्ये आली, त्याच वर्षी एफ2एफएसमध्येही. पण जगात फक्त इंग्रजी नाही. म्हणून "कोणती दोन नावं एकच समजायची" हे ठरवायला कर्नलमध्ये युनिकोडचा एक मोठा तक्ता ठेवलेला आहे. नाव आलं की ते या तक्त्यातून गाळून एका समान रूपात आणायचं आणि मग तुलना करायची.

गोम इथेच होती. हा तक्ता काही अदृश्य अक्षरं गाळून टाकत होता. युनिकोडने त्यांना 'दुर्लक्ष करता येण्याजोगी' असा शिक्का दिलाय, पण तो मुख्यतः दाखवण्यापुरता: फाँटला जमलं नाही तर रिकामा चौकोन दाखवू नका, एवढाच त्याचा अर्थ. यातलंच एक अदृश्य अक्षर म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि त्याचा मराठीशी जवळचा संबंध आहे. 'आचाऱ्यां'मधला तो अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ऱ वापरून. दुसरा, साधा र, हलन्त आणि मग हे अदृश्य झेडडब्ल्यूजे घालून. दुसऱ्या प्रकारात ते अदृश्य अक्षर गाळलं की उरतं काय? 'आचार्यांना'! स्वयंपाकी गेले, गुरुजी आले. दऱ्यांचा दर्या झाला. अशा फोल्डरमध्ये ही दोन नावं सिस्टीमच्या लेखी एकच.

(आमच्या सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मराठी कागदावर एक नाव, कन्नड कागदावर थोडं वेगळं आणि आधारवर इंग्रजीत तिसरंच, आणि तिन्ही माणूस एकच हे सिद्ध करायला झेरॉक्सचा गठ्ठा. इथं उलटं. माणसं दोन, नाव एक.)

तर 2024 मधला बदल असा होता: ही अदृश्य अक्षरं गाळू नका, जशी आहेत तशी राहू द्या. कर्नलच्या युनिकोड भागाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या मेंटेनरनेच तो केला. मराठी डोळ्यांपुढे ठेवून केला नव्हता, पण मराठीच्या दृष्टीनेही तो योग्यच होता. तक्ता हाताने लिहिलेला नसतो, तो एक छोटा प्रोग्राम तयार करून देतो. म्हणून तपासणारा तक्त्यातली ओळ न् ओळ वाचत नाही, तो प्रोग्राम बदलला कसा तेवढं वाचतो. तो बदल लहान आणि सरळ होता.

मग बिघडलं कुठे? फोल्डरमध्ये हजारो फाइली असल्या तर सिस्टीम एकेक नाव बघत बसत नाही. नावावरून एक आकडा काढते, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्याच्या जागी ते नाव नोंदवते. हा आकडा गाळलेल्या नावावरून निघतो. समजा, एखाद्या पतसंस्थेत खतावणीची सूची आडनावावरून लावलेली आहे. एके दिवशी नवा नियम आला, उद्यापासून पहिल्या नावावरून शोधायचं. नियम चांगला असेल. पण जुनी खाती आडनावाच्याच पानांवर आहेत. खातेदार काउंटरवर उभा, खातं शिल्लक, पैसे शिल्लक, आणि क्लार्क भलतंच पान उघडून सांगतोय, "तुमचं खातं नाही."

अगदी हेच झालं. ज्यांच्या नावांत अशी अदृश्य अक्षरं होती त्या जुन्या फाइलींचे आकडे जुन्या नियमाने डिस्कवर लिहिलेले होते. नवा कर्नल नव्या नियमाने आकडा काढून दुसरीकडे शोधत होता. यादी करताना पानं ओळीने वाचली जातात, त्यामुळे फाइल दिसायची. नाव घेऊन मागितली की सापडायची नाही. लाल हृदयाचं चिन्ह यात ठळक उदाहरण ठरलं. ते एकतर साधं लिहिलं जातं, नाहीतर मागे एक अदृश्य खूण लावून. हल्ली लोक फाइलींच्या नावांतही हृदयं घालतात, त्याला काय करणार.

चाचण्यांत हे का सापडलं नाही असं कुणी विचारेल. फाइल सिस्टीमच्या चाचण्यांचा एक मोठा संच आहे, एक्सएफएसटेस्ट्स नावाचा. पण अशा चाचण्या बहुधा कोरी डिस्क फॉरमॅट करतात, त्याच कर्नलने फाइली लिहितात आणि त्याच कर्नलने वाचतात. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही नव्या नियमाचे, मग चूक निघणार कशी? जुन्या कर्नलने लिहिलेली डिस्क नव्याच्या हातात द्यायला हवी होती. तो प्रश्न पॅचमधल्या ओळींत कुठेच लिहिलेला नसतो, तो तपासणाऱ्याच्या डोक्यात असावा लागतो.

टोरवाल्ड्स यांनी बदल मागे घेताना हेही मान्य केलं की जुनी वागणूक चूकच होती. मात्र ती चूक लोकांच्या डिस्कवर नोंदलेली आहे, त्यामुळे ती आता सोडता येत नाही. आणखी एक पेच होता. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी नव्या नियमाने नव्या फाइली लिहिल्या, त्यांच्या फाइली आता जुना नियम परत आल्यावर सापडणार नाहीत. तेही त्यांनी नोंदवलं. फाइल सिस्टीमने मुळात कॅपिटल-स्मॉलच्या भानगडीत पडूच नये, हे त्यांचं जुनं मत त्यांनी तिथेही सुनावलं.

याच्या वर्षभर आधीचं एक प्रकरण वेगळ्या तऱ्हेचं आहे, तेही सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये डेबियन या लिनक्सच्या लोकप्रिय वितरणाची 12.3 आवृत्ती ऐन प्रकाशनाच्या दिवशी थांबवावी लागली. कारण होतं कर्नल 6.1.64. त्यात एक्स्ट4 ची एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून जुन्यात आणली होती. नव्या कर्नलमध्ये ती निर्दोष चालत होती. पण तिथे तिच्या आधी, शेजारच्या दुसऱ्या भागात, आणखी एक बदल झालेला होता. तो जुन्यात आणायचा राहिला.

पूर्वी एक्स्ट4 चं हे फंक्शन काम झालं की शून्य सांगायचं, म्हणजे "सगळं ठीक". दुरुस्तीनंतर ते किती बाइट लिहिले तो आकडा सांगू लागलं. जुन्या कर्नलमधला ऐकणारा भाग मात्र शून्य आलं तरच "आता पुढच्या जागेवर सरक" असं करायचा. शून्य येईना, म्हणून जागा सरकेना. विशिष्ट पद्धतीने, थेट डिस्कवर, लिहिणाऱ्या प्रोग्रामची पुढची नोंद आधीच्या नोंदीवरच लिहिली जाऊ लागली. रोजकीर्दीत पहिल्या ओळीवरच दुसरी ओळ लिहावी तसं. एरर कुठेच नाही. 6.1.66 मध्ये हे सुधारलं आणि डेबियनने 12.3 सोडून देऊन दुसऱ्या दिवशी, 10 डिसेंबरला, थेट 12.4 दिली.

इथे पॅच वाचून दोष सापडला नसता, कारण पॅचमध्ये दोष नव्हता. नोंदीची एक बाजू पोस्ट झाली, दुसरी राहिली. जुन्या कर्नलमध्ये दुरुस्त्या नेण्याचं काम प्रचंड आहे, दर आठवड्याला शेकडो पॅच जातात, आणि प्रत्येकाच्या मागे उभा असलेला जोडीदार शोधत बसायला तेवढी माणसं नाहीत. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, मूळ लिखाण नव्हे.

अदृश्य अक्षरांच्या प्रकरणावर पुढे तोडगा निघाला, तो असा. आधी नेहमीसारखं आकड्याच्या पानावर शोधायचं. तिथे नाव मिळालं नाही तर लगेच "नाही" म्हणायचं नाही, सगळी खतावणी पहिल्या पानापासून उलटून बघायची. वेळ जास्त लागतो, खास करून जी फाइल खरंच अस्तित्वात नाही तिच्यासाठी, पण दोन्ही नियमांनी लिहिलेल्या फाइली सापडतात. एफ2एफएस आणि एक्स्ट4 दोघांनीही हे घेतलं. ज्या डिस्कवर जुन्या नियमाची एकही नोंद नाही, तिच्यावर हा जादा शोध बंद ठेवता यावा म्हणून नंतर एक खूणही ठेवली गेली. झेडडब्ल्यूजे गाळण्याचा नियम मात्र बदल मागे घेतल्यामुळे जुनाच राहिला. तेव्हा अशा फोल्डरमध्ये आचारी आणि आचार्य वेगळे ठेवायचे असतील, तर नुक्त्याचा ऱ टाइप करा. तो गाळला जात नाही.