लातूर म्हणजे पॅटर्न, नांदेड म्हणजे गुरुद्वारा. बाकी सगळं गाळलेलं!

पुण्यात "मी लातूरचा" म्हणून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला, "मग मेडिकलला का?" "नांदेडचा" म्हटलं की, "हां हां, गुरुद्वारा!" गावाला पाहुणे, पुस्तकं आणि बातम्या मिळून एकेक लेबल लावतात, आणि ते गावकऱ्यांना जन्मभर पुरतं.

लातूरचं सर्वांत जुनं लेबल मात्र झोकदार आहे. राष्ट्रकूट राजे राहायचे मान्यखेटला, पण शिलालेखांत बिरुद मिरवायचे 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे बेळगाव भागातल्या सौंदत्तीच्या रट्टांनीही हेच बिरुद उचललं. म्हणजे लातूरच्या नावावर भाव खाणारी मंडळी हजार वर्षांपूर्वीही होती, आणि तेव्हा कोचिंग क्लासेस नव्हते!

नांदेडची ओळख तर बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. पंजाबातून पाहिलं तर हे दूर दख्खनमधलं तीर्थ, पुण्यातून पाहिलं तर मागास मराठवाडा आणि निजामाच्या हैदराबादेतून पाहिलं तर उत्तरेकडचा जिल्हा. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली इथे देह ठेवला. त्याच वर्षी गोदाकाठच्या आश्रमात त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि पुढे तोच शीख सेनानी बंदासिंग बहादुर झाला. संतोखसिंगांचा शीख गुरूंची चरित्रं सांगणारा ग्रंथ 'सूरज प्रकाश' 1843 साली पूर्ण झाला, आणि ज्यांनी गोदावरी कधी पाहिली नाही त्यांच्याही घरी नांदेड पोथीतून पोहोचलं. इथल्या गुरुद्वाऱ्याची, म्हणजे आजच्या सचखंड साहिबची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 दरम्यान उभारली. आता रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही 'हजूर साहिब नांदेड' आहे आणि सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते.

मराठी वाचकाला मात्र नांदेड भेटतं ते एका प्रस्तावनेतून. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना नरहर कुरुंदकरांची, आणि कुरुंदकर म्हणजे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. कादंबरी कोल्हापूरकडच्या लेखकाची, पण सुरुवातीची झाडाझडती मराठवाड्याची!

आता भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर. जगभरच्या शास्त्रीय लेखांत त्याचं नाव 'लातूरचा भूकंप'. पण केंद्र होतं लातूर शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या किल्लारीजवळ, आणि सास्तूरसारखी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंही उद्ध्वस्त झाली होती. मथळ्यात त्यांना जागा मिळाली नाही, हे माझ्या मते अन्यायाचंच. याच भूकंपाने दख्खनचं पठार 'सुरक्षित' असल्याचा समज मोडला. 2002 च्या सुधारित नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोक्याचा 'झोन एक' देशातूनच काढून टाकला गेला.

आणि पाणी! एप्रिल 2016 मध्ये दुष्काळी लातूरसाठी मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची गाडी निघाली. राजस्थानातल्या कोटा इथल्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुतलेले दहा टँकर वॅगन, प्रत्येकात अंदाजे 50 हजार लिटर पाणी. 12 एप्रिलला गाडी लातूरला पोहोचली आणि 'ट्रेनने पाणी पिणारं शहर' हे नवं लेबल चिकटलं. गंमत म्हणजे मिरज ते लातूर हा मार्ग एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अरुंद रुळांची गाडी 1911 साली लातूरला पोहोचली. तिच्या रचनेचा धडा त्याने इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेलाही दिला. गोऱ्या साहेबाच्या देशात बार्शीच्या अनुभवावर गाडी धावली, हे मात्र कुणाच्या मथळ्यात नाही.

बोर्डाच्या परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'चंही तसंच. मेरिट लिस्टच्या दिवसांत शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी हा शब्द महाराष्ट्रभर नेला. आज नांदेडलाही क्लासेसची गल्ली तशीच गजबजते, पण पॅटर्नवरचं नाव एकाच गावाचं!

तूरडाळीची पेठ, सोयाबीनचा भाव, देवणी गाय, लाल कंधारी बैल यांचं लेबल कुणी छापलं नाही. तेव्हा कधी आलात तर गुरुद्वारा पाहाच, पण कंधारचा किल्ला आणि औशाजवळची खरोसा लेणीही यादीत लिहा. आणि लातूरच्या पोराला पहिल्याच भेटीत मार्क विचारू नका.