नव्या प्रवाळ-टाकीचें पाणी किती दिवसांनीं बदलावें ?

इ. स. १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईंनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवाहून कांहीं दगडी प्रवाळ एका बरणींत घालून लंडनला आणले. समुद्र दूर राहिला; ताजें पाणी हवें तेव्हां मिळणें अशक्य. तेव्हां त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पाण्याला हवा मिळाली आणि प्रवाळ जगले.

आज मोलकरणीचें तें काम विजेचा पंप करतो, आणि समुद्रापासून शेंकडों मैलांवरच्या घरींहि तयार मिठाच्या पिशवींतून समुद्राचें पाणी बनवितां येतें. तरीहि नव्या टाकीचा धनी पहिल्याच महिन्यांत एका प्रश्नापाशीं अडतो. पाणी किती दिवसांनीं बदलावें? एक जाणता म्हणतो, दर दोन दिवसांनीं बदला. दुसरा म्हणतो, महिनाभर हात लावूं नका. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य असतें. मात्र तें टाकीच्या वयावर अवलंबून असतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, पाणी भरणें आणि पाणी बदलणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. टाकींतून वाफ होऊन जातें तें केवळ गोडें पाणी. मीठ मागें राहतें. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरच्या टाकींतून रोज २ लिटर पाणी उडालें आणि ती तूट खाऱ्या पाण्यानें भरली, तर आठवड्याभरांत हें प्रमाण ४० च्या घरांत जातें. इतक्या झपाट्यानें झालेला बदल प्रवाळांना सोसत नाहीं. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावयाची. बदलणें म्हणजे जुनें पाणी काढून तितकेंच नवें खारें पाणी घालणें. त्याचे हेतु दोन : सांचलेली घाण विरळ करणें, आणि प्रवाळांनीं आपला सांगाडा बांधण्यासाठीं खर्चिलेलीं कॅल्शियमसारखीं द्रव्यें परत देणें.

आतां टाकीचें बालपण पाहूं गेल्यास पहिले चार ते सहा आठवडे हे तिच्या घडणीचे दिवस होत. माशांच्या मलमूत्रांतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट बनवितात व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. हे जंतु कसे जगतात याचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास केला. टाकींत ठेवलेल्या सच्छिद्र खडकावर हे जंतु वस्ती करतात, पण ती वस्ती एका रात्रींत होत नाहीं. दुधाला विरजण लावल्यावर भांडें घटकेघटकेला हलविलें तर दहीं लागत नाहीं. तसेंच येथेंहि आहे. मासे वा प्रवाळ अद्याप सोडलेले नसतील, तर या काळांत पाणी बदलण्याचें कारण नाहीं. जंतूंचें खाद्य जो अमोनिया, तोच आपण बाहेर टाकीत असतों. अमोनिया अतोनात वाढला, किंवा उतावळेपणानें टाकींत जीव आधींच सोडले गेले असले, तर मात्र पाणी तत्काळ बदललें पाहिजे. तेथें प्रश्न टाकी घडण्याचा नसून जीव वांचविण्याचा असतो.

अमोनिया व नायट्राइट या दोहोंची तपासणी शून्य दाखवूं लागली कीं, सांचलेलें नायट्रेट कमी करण्यासाठीं एकदां मोठा बदल करावा, आणि त्यानंतरच पहिले जीव सोडावे. येथून पुढें नियमित बदलास प्रारंभ होतो. तो किती असावा, हें अंदाजानें न ठरवितां गणितानें ठरवितां येतें. समजा, १०० लिटरच्या टाकींत दर आठवड्यास नायट्रेट लिटरमागें ५ मिलिग्रॅम वाढतें, आणि दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें तें कमी होत नाहीं. दर आठवड्यास १० लिटर पाणी बदललें, तर नायट्रेट वाढत वाढत अखेर बदलापूर्वीं ५० मिलिग्रॅमवर स्थिरावतें. २० लिटर बदललें तर २५ वर. म्हणजे बदलाचें प्रमाण दुप्पट केलें कीं, घाणीची पातळी निम्मी होते. पण खाद्य निम्में केलें तरी हेंच फळ मिळतें, आणि तेंहि कांहीं खर्च न होतां !

महिन्याकांठीं एकदांच ४० लिटर बदलल्यास काय बिघडलें, असें कोणी विचारील. घाण निघण्याच्या दृष्टीनें फारसें बिघडत नाहीं; चार वेळां दहा-दहा लिटर बदलूनहि मूळचें सुमारें ३४ लिटर पाणीच निघतें. बिघडतें तें चूक झाल्यास. नवें पाणी ३५ ऐवजीं ३१ ग्रॅम क्षारांचें बनलें असेल, तर १० लिटरच्या बदलानें टाकींतील प्रमाण ३४.६ वर येतें. ४० लिटरच्या बदलानें तें एकदम ३३.४ वर उतरतें. लहान बदल लहान चुका पोटांत घालतो. म्हणून मीठ आदल्या दिवशींच शुद्ध पाण्यांत विरघळवून ढवळत ठेवावें, आणि खारेपणा व उष्णता टाकीशीं जुळल्याखेरीज तें ओतूं नये.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत खडकांवर व वाळूवर तपकिरी थर चढतो, मागून हिरवें शेवाळ येतें. या वेळीं धन्याचा धीर सुटतो आणि तो दिवसाआड पाणी उपसूं लागतो. परंतु अति तेथें माती. नवें पाणी पुरेसें शुद्ध नसेल, तर तपकिरी थराला लागणारी सिलिकाच त्याबरोबर येते. उलट नायट्रेट व फॉस्फेट अगदीं शून्यावर गेलीं, तर प्रवाळांची उपासमार होते, आणि काढावयास अधिक कठीण अशा चिकट सूक्ष्मजीवांचें फावतें. नायट्रेट लिटरमागें २ ते १० मिलिग्रॅम असलें, तर भय मानूं नये.

सारांश, टाकी घडेपर्यंत वाट पाहावी. मग दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें, आणि खारेपणा, नायट्रेट, फॉस्फेट व कॅल्शियम यांचे आंकडे तारखेसह वहींत मांडावे. तीन-चार आठवडे आंकडे स्थिर राहिले तर तोच क्रम योग्य समजावा. नायट्रेट चढत असेल तर आधीं खाद्य तपासावें, नंतर बदल वाढवावा. लहान प्रवाळ थोडेच असतां कॅल्शियम फारसें खर्च होत नाहीं. ते वाढूं लागले आणि आंकडा ४०० च्या खालीं घसरूं लागला, तर केवळ पाणी बदलून भागत नाहीं, तीं द्रव्यें वेगळीं घालावीं लागतात.

काचेआडचा प्रवाळ ओरडत नाहीं, पळून जात नाहीं. तो केवळ मिटतो, आणि कांहीं दिवसांनीं पांढरा पडतो. त्याच्या वतीनें बोलावयास ती वही तेवढी असते. पाण्याला हात घालण्यापूर्वीं ती उघडावी.