निरीक्षण विहीर काय सांगते?

आपल्या भागातल्या एखाद्या विहिरीच्या कठड्यावर रंगवलेली खूण आपण पाहिली असेल. ती निरीक्षण विहीर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी वर्षातल्या ठरावीक महिन्यांत येतात, त्या खुणेपासून टेप सोडतात आणि पाणी किती मीटरवर लागले ते लिहून घेतात.

एका नोंदीवरून फारसे कळत नाही. मात्र पावसाळ्यानंतरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली, की उन्हाळ्यात टंचाई कुठे भासेल याचा अंदाज ऑक्टोबरमध्येच येतो. टँकरची तजवीज तेव्हापासून करता येते.

पण मोजणीआधी उपसा झाला असेल, तर नोंदच फसवी ठरते. आपल्या काळ्या कातळातल्या भेगांतून पाणी सावकाश झिरपते. उपसलेली विहीर लगेच भरत नाही.

पातळीबरोबर पाण्याचे नमुनेही तपासतात. नितळ पाण्यातही खतांचे किंवा सांडपाण्याचे नायट्रेट असू शकते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते, आणि पाणी उकळून ते जात नाही.

तेव्हा मोजणीच्या आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवावा. विहीर खरे सांगेल, तरच गावाला वेळेवर पाणी मिळेल.